८०च्या दशकातल्या ब्रिटिश न्यू वेव्हचे बारा इंची सिंगल्स जमवायचेत, सुरुवात कुठून करू? आणि गाणी मोबाईलवर मिळत असताना हे घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात असता, मामांचा टर्नटेबल दुरुस्त होऊन घरी आलाय, न्यू ऑर्डर, डिपेश मोड, ह्यूमन लीग हे ब्रिटिश बँड कॉलेजपासून ऐकताय आणि आता त्यांचे बारा इंची सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या मोठ्या तबकड्या, जमवावेसे वाटतायत, पण कुठून सुरू करायचं कळत नाहीये आणि हीच गाणी मोबाईलवर असताना पैसे घालावेत का हाही प्रश्न आहे. मी मूळचा सांगलीचा, गेली १४ वर्षं मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहतोय आणि त्यातली १२ वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. मोबाईलवर "हीच गाणी" नसतात. तिथे बहुतेक वेळा अल्बममधलं नाहीतर सात इंची सिंगलवरचं व्हर्जन असतं. आपल्याकडच्या जुन्या ७८च्या तबकड्या आठवा, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयालासुद्धा अख्खा राग तेवढ्यात आटपायला लागायचा. सात इंची सिंगल म्हणजे ती तबकडी समजा, रेडिओसाठी केलेली. बारा इंची म्हणजे मैफल. राग तोच, पण तो ज्या पद्धतीने उलगडतो ती गोष्टच वेगळी.

उदाहरण घ्या, सॉफ्ट सेलचं टेन्टेड लव्ह, १९८१चं. सगळ्यांना माहीत असलेलं गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं. बारा इंचीवर ते जवळपास नऊ मिनिटं चालतं, म्हणजे गाणं संपत येतं तसे आवाज एकेक करून मागे सरतात, ठेका मात्र चालूच राहतो आणि त्या ठेक्यावरूनच ते सुप्रीम्स या अमेरिकन गायिकांच्या व्हेअर डिड अवर लव्ह गो या गाण्यात शिरतं. एकाने प्रेम सोडून पळ काढलाय आणि लगेच दुसरा विचारतोय की आपलं प्रेम गेलं कुठे! दोन गाणी जोडल्यावर जो तिसरा अर्थ निघतो तो छोट्या व्हर्जनमध्ये नाहीच. ह्यूमन लीगचं त्याच वर्षीचं हार्ड टाइम्स आणि लव्ह ॲक्शन असंच बारा इंचीवर एकातून दुसऱ्यात जातं. ड्युरान ड्युरानने तर सुरुवातीला प्लॅनेट अर्थ वगैरेंचे "नाइट व्हर्जन" केले तेव्हा जुनी टेप कापून लांबवली नाही, स्टुडिओत वेगळी लांब बांधणी करून परत वाजवलं.

आणि दुसरं कारण आवाज. इथे थोडं गणित आहे पण सोपं आहे. बारा इंची तबकडी ४५च्या स्पीडने (मिनिटाला ४५ फेरे) फिरते तेव्हा बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला साधारण ६९ सेंटिमीटर खाच सरकते. एलपी ३३च्या स्पीडवर तीच लांबी ५१ होते आणि सात इंचीवर फक्त ४०च्या आसपास. जेवढी जास्त लांबी तेवढा आवाजाचा तपशील नीट कोरता येतो, शिवाय एका बाजूला २०-२२ मिनिटं कोंबायची नसल्याने खाचा लांब-लांब ठेवता येतात, आणि खाचांना जागा मिळाली की बास मोठा कापता येतो. ७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत हा प्रकार आला तो याचसाठी. टॉम मोल्टन नावाच्या, गाण्यांचे मिक्स (आवाजांची नवी मांडणी) करणाऱ्या माणसाला स्टुडिओत लहान कोरी तबकडी मिळेना म्हणून त्याचं गाणं मोठ्या तबकडीवर कापलं गेलं आणि ऐकणारे थक्क झाले. १९७६ला साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजरचं टेन पर्सेंट बाजारात आणलं, वॉल्टर गिबन्सचं मिक्स, विक्रीला आलेल्या पहिल्या बारा इंची सिंगल्सपैकी ते एक. ब्रिटनमध्ये त्याला जमैकन लोकांच्या डबची जोड मिळाली, म्हणजे गायकाचा आवाज मधेच काढून टाकायचा, ढोलावर एको सोडायचा, बासला मोकळं रान द्यायचं. न्यूयॉर्क आणि जमैका हे दोन्ही प्रवाह सिंथ म्हणजे सिंथेसायझर वाजवणाऱ्या इंग्लिश पोरांपर्यंत एकाच वेळी पोचले, तिथे हे सगळं जन्माला आलं असं माझं मत आहे.

आता सुरुवात. पहिली तबकडी न्यू ऑर्डरचं ब्लू मंडे घ्या, डोळे झाकून घ्या. मार्च १९८३, फॅक्टरी रेकॉर्ड्स ही मँचेस्टरची कंपनी, तिचा कॅटलॉग नंबर फॅक ७३. साडेसात मिनिटांच्या आसपासचं हे गाणं मुळात बारा इंचीसाठीच केलं, तेव्हा त्याची छोटी सिंगल निघालीच नाही, तरी ते त्या वर्षी ब्रिटिश चार्टवर, म्हणजे विक्रीच्या यादीत, ९ नंबरपर्यंत गेलं. बारा इंची सिंगल्समध्ये ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं हेच धरतात. त्याचं कव्हर पीटर सॅव्हिलने संगणकाच्या फ्लॉपीसारखं केलं. माझ्याकडे पहिल्या छपाईची प्रत आहे ती आत्ता मांडीवर घेऊन लिहितोय: काळं जाड पुठ्ठ्याचं कव्हर, मधे मोठं गोल भोक आणि बाकीच्या कापलेल्या खिडक्या, त्यातून आतली चंदेरी पिशवी चमकते, बोट घातलं तर कापलेल्या कडा अजून धारदार लागतात. पुढे कुठे बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. उजव्या कडेला रंगांचे चौकोन आहेत, तीच अक्षरं, आणि ती वाचायची किल्ली त्यांच्या पॉवर करप्शन अँड लाइज या अल्बमच्या मागच्या बाजूला छापलीये. नंतरच्या छपायांत ती भोकं गेली. हे कव्हर इतकं महाग पडायचं की प्रत्येक प्रतीमागे तोटा व्हायचा ही गोष्ट इथे मँचेस्टरात लहान पोरंही सांगतात. मी शहरात जातो तेव्हा व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवरून चालत जातो, तिथे फॅक्टरी आणि न्यू ऑर्डरच्या पैशावर १९८२ला उघडलेला हासिएन्डा क्लब होता, त्यालाही फॅक ५१ असा नंबर होता. आता तिथे त्याच नावाचे फ्लॅट आहेत.

त्यानंतर मात्र मी सांगेन की नावं बघून घेऊ नका, मिक्स बघून घ्या. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ पैसे वाचतील. तेव्हा कंपन्या एकाच गाण्याचे दोन-तीन वेगवेगळे बारा इंची काढायच्या कारण चार्टसाठी सगळी विक्री एकत्र मोजली जायची, एकच फॅन तीनदा विकत घ्यायचा. त्यामुळे कचराही भरपूर झाला, मधे आठ आवर्तनं नुसते ढोल घुसवून लांबवलेली गाणी ढीगभर आहेत आणि ती घ्यायची काही गरज नाही. पण काही मिक्स सोनं आहेत. डिपेश मोडचं मास्टर अँड सर्व्हंट, १९८४, त्याच्या लिमिटेड एडिशनवर एड्रियन शेरवूडचं मिक्स आहे ते अंगावर येतं. म्यूट ही त्यांची तेव्हाची कंपनी त्यांच्या रेकॉर्डवर बाँग असा नंबर घालायची, लिमिटेडच्या नंबरात आधी एल असतो, तो बघायचा. ब्रॉन्स्की बीटचं स्मॉलटाउन बॉय बारा इंचीवरच ऐकावं, मुलगा घर सोडून स्टेशनवर उभा आहे ते एकटेपण त्या लांब सुरुवातीत जसं कळतं तसं छोट्यात नाही कळत. न्यू ऑर्डरचं कन्फ्यूजन, आर्थर बेकरने न्यूयॉर्कला केलेलं. आणि द स्मिथ्स, त्यांना कोणी नाचाचा बँड म्हणणार नाही, पण हाउ सून इज नाऊ हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं आधी ऑगस्ट १९८४ला विल्यम इट वॉज रिअली नथिंगच्या बारा इंचीच्या मागच्या बाजूला जादाचं म्हणून आलं होतं! म्हणून बी साइड कधी सोडू नका.

फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं रिलॅक्स घेताना सांभाळून. १९८३चं, झेडटीटी कंपनी, ट्रेव्हर हॉर्न या निर्मात्याचं काम. पहिलं बारा इंची निघालं ते सोळा मिनिटांचं सेक्स मिक्स, त्यात ओळखीचं गाणंच जवळजवळ नाही म्हणून लोकांनी तक्रारी केल्या, मग ते कापून आठ मिनिटांवर आणलं, मग तिसरं न्यूयॉर्क मिक्स केलं, आणि या सगळ्यांचा कॅटलॉग नंबर सारखाच! कव्हरवरून कळत नाही. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने पहिलं म्हणून तिसरं पाठवलं होतं, मी तेव्हा नवीन होतो, फोटो मागितला नव्हता. अशा वेळी बघायचं ते शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत. तिरक्या उजेडात धरलं की तिथे सुईने कोरल्यासारखी अक्षरं दिसतात, रनआउट म्हणतात त्याला. तो नंबर डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या वेबसाइटवर जुळवायचा, कुठली छपाई आहे ते कळतं. काही रेकॉर्ड्सवर तिथे "अ पोर्की प्राइम कट" असं हाताने लिहिलेलं सापडेल, ती जॉर्ज पेकहॅम या कटिंग इंजिनियरची सही, ती दिसली की मी आवाजाबद्दल निश्चिंत होतो.

विकत घेताना अजून दोन गोष्टी. विक्रेता "व्हीजी" म्हणाला तर त्याचा अर्थ व्हेरी गुड असला तरी खरखर असणार हे धरून चाला, व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नका. आणि बारा इंची ही बऱ्याचदा डीजेंनी वापरलेली असते. कव्हरवर स्टिकर, पेनाने लिहिलेला बीट्सचा (मिनिटाला किती ठोके त्याचा) आकडा, मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक-बारीक रेघांचं जाळं, हे दिसलं की समजायचं ती खूप वेळा लागलीये. अशा तबकडीचे पहिले काही सेकंदच जास्त घासलेले असतात कारण गाणं नेमकं पकडायला डीजे ती पुढे-मागे हलवायचे. पुढचं बरेचदा ठीक असतं, स्वस्त मिळत असेल तर मी घेतो.

किमतीचं म्हणाल तर घाबरू नका. ही लाखांनी खपलेली गाणी आहेत, दुर्मिळ नाहीत. इथे ओल्डहॅम स्ट्रीटवर व्हायनल एक्स्चेंज आणि पिकॅडिली रेकॉर्ड्स, लंडनला सोहोतली बेर्विक स्ट्रीट, ऑक्सफॅमसारखी चॅरिटी दुकानं, रविवारचे कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात ते बाजार), मला बहुतेक २ ते ८ पौंडांत मिळालीत. पुण्यात जुन्या बाजारात हे मिळेल अशी आशा ठेवू नका, मागवावंच लागेल, आणि खरा खर्च पोस्टेजचा, तो कित्येकदा तबकडीपेक्षा जास्त. म्हणून एकाच विक्रेत्याकडून सात-आठ एकदम घ्या, ड्युटीचं आधी विचारून ठेवा, आणि इकडून कोणी नातेवाईक येत असेल तर उत्तम, मी दर खेपेला दहा-बारा दोन हार्डबोर्डांच्या मधे घालून हातातल्या बॅगेत आणतो, चेक-इन सामानात कधीच नाही.

घरी आल्यावर आतली कागदी पिशवी फेकू नका पण तबकडी नव्या अँटीस्टॅटिक पिशवीत ठेवा, जुन्या कागदाची भुकटी खाचांत बसते. उभ्याच ठेवायच्या, एकावर एक नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात बुरशीची भीती आहे, भिंतीला टेकलेल्या कपाटात नका ठेवू, आणि प्लॅस्टिकचं बाहेरचं कव्हर जून ते सप्टेंबर उघडं राहू दे, ओल आत कोंडली की पुठ्ठा गेला. आणि प्रत्येक वेळी लेबलवर स्पीड वाचा, बारा इंचीत काही ४५ची असतात काही ३३ची, आकडा फार बारीक छापलेला असतो.

शेवटी एक खास, जे मी सगळ्या मराठी लोकांना सांगतो. ब्लँकमांज या ब्रिटिश बँडचं लिव्हिंग ऑन द सीलिंग, १९८२, ते ७ नंबरपर्यंत गेलं, त्यात सतार दीपक खजांचींची आणि तबला पंडित दिनेश यांचा. त्याच वर्षी मॉन्सून या बँडचं एव्हर सो लोनली आलं, गायिका शीला चंद्रा, ते १२ नंबरला. सिंथबरोबर आपली वाद्यं शोभेला नाही तर गाण्याच्या कण्यात आहेत. आणि मग ब्लँकमांजचा स्टीफन लस्कम आणि हेच पंडित दिनेश यांनी १९८४ला वेस्ट इंडिया कंपनी नावाने एक बारा इंची काढलं, त्यात आव्हे मारिया हे गाणं कोण गातंय तर आशाबाई भोसले! मला ते स्टॉकपोर्टच्या एका चॅरिटी दुकानात खोक्याच्या तळाशी मिळालं, मी तिथेच उभा राहून मागची नावं तीनदा वाचली. मागच्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती, तिला काही न सांगता लावलं. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे ही आशा कुठे गातीये?" तुमच्या पहिल्या पार्सलमध्ये ते शोधा, आणि इकडे मला परत दिसलं तर तुमच्यासाठी उचलून ठेवतो.