संत्र्याच्या सालीची पूड उटण्यालाही आणि बेकरीलाही विकायची असेल तर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. काटोलकडचा बचत गट, संत्र्याच्या सालीची पूड, एकीकडून उटण्याची मागणी, दुसरीकडून बेकरीवाल्याची, आणि "नैसर्गिकच आहे तर एक कागद पुरत नाही का" या प्रश्नाला दर टेबलावर वेगळं उत्तर. मी नागपुरात हेच काम करते. याच प्रश्नापायी माझा मृग बहाराचा (पावसाळ्यात फुलून फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या संत्र्यांचा) अख्खा हंगाम गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. साल कशी वाळवायची हे तुमच्या गटाला माझ्यापेक्षा चांगलं येत असणार, त्यात जात नाही.

एका कार्यालयात (नाव घेत नाही) मी सुरुवातीलाच सरळ विचारलं होतं की पूड चहातही जाणार आहे आणि चेहऱ्यालाही लागणार आहे, तर काय करू. टेबलावरच्या माणसाने सांगितलं, "झाडाचंच आहे ना मॅडम, फूडचं रजिस्ट्रेशन करा, झालं." मी म्हटलं लिहून द्या. तर "एवढ्याशा गोष्टीचं काय लिहून द्यायचं!" त्याच्या भरवशावर पाऊच छापले, दोन्ही उपयोग एकाच पाऊचवर. मग तपासणीला आलेल्या दुसऱ्या साहेबांनी माल अडवला. त्याच कार्यालयात गेले तर विचारतात, "असं कोणी सांगितलं? लेखी दाखवा." फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेली साल पोत्यांत पडून राहिली, पावसाळा लागला, पोती दमट झाली, आत बुरशी. आजही त्याचा विचार केला की जीव जळतो. पैसा तर गेलाच, पण ज्या बायकांनी साली निवडल्या त्यांना मी काय सांगणार होते? माहिती देणं हेच ज्यांचं काम, त्यांनी तोंडी बोलायचं आणि नंतर हात झटकायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून कळकळीने सांगते, तोंडी उत्तरावर एक रुपयाही खर्च करू नका. प्रश्न अर्जात लिहा, आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. शिक्का बघितला की बोलण्याची भाषा बदलते, हा माझा अनुभव.

आता तुमचा मूळ प्रश्न. (मी वकील नाही, नियम बदलत राहतात, खातरजमा करूनच पुढे जा.) साल एकच असली तरी कायदा बघतो ती वापरायची कशी ते. पोटात जाणार असेल तर एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन किंवा परवाना. चेहऱ्याला, केसांना लावायला म्हणून बनवून विकणार असाल तर ते सौंदर्यप्रसाधन. त्याला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागतात, उत्पादनाचा परवाना राज्याकडून घ्यावा लागतो. फूडचा नंबर उटण्याच्या पाऊचवर चालत नाही. परवान्यासाठी जाणकार व्यक्ती लागते हे ऐकून घाबरू नका, फार्मसीचीच पदवी हवी असं नाही, रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्तीही चालते. गटात एखादी मुलगी नक्की निघेल. आणि स्वतःचा कारखाना उभारायचा नसेल तर लोन लायसन्स म्हणून प्रकार आहे, म्हणजे परवाना असलेल्या दुसऱ्याच्या जागेत आपला माल बनवायचा. पण माझ्या मते बचत गटाने उटण्यासाठी त्याच्याही आधीच्या पायरीवरून सुरुवात करावी. स्वतःच्या नावाचं उटणं काढण्याची घाई का असते सगळ्यांना, मला कळत नाही. परवानाधारक उटणेवाल्याला कच्चा माल म्हणून पूड द्या, एक वर्ष बाजार बघा, मग ठरवा.

पाऊचवर काय लिहिता तेही सांभाळा. "पिंपल्स बरे होतात" असं लिहिलं की ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषधाचा दावा होतो, आणि आयुर्वेदिक औषधाचा परवाना पूर्णपणे वेगळा. खाण्याच्या पाकिटावर "नैसर्गिक" हा शब्दसुद्धा मनाला येईल तसा टाकता येत नाही, २०१८ च्या दाव्यांच्या नियमांत त्याच्या अटी आहेत. "सेंद्रिय" लिहायचं तर प्रमाणपत्र हवंच.

सालीच्या बाबतीत एक गोष्ट लोक सोडून देतात. फवारणीचे अंश गरापेक्षा सालीवर जास्त राहतात, आणि पॅकिंग लाइनवरून आलेल्या फळावर मेणाचा थर असू शकतो. त्यामुळे खाण्यासाठी कळमन्याच्या फळबाजारातून किंवा ज्यूसवाल्याकडून गोळा केलेली साल मी घेत नाही. ओळखीचा बागायतदार, शेवटची फवारणी कधी झाली हे विचारून, त्याचीच साल. तुम्ही तर बागांच्या गावात बसला आहात, ही तुमची मोठी जमेची बाजू.

चक्कीचंही बघा. मार्च-एप्रिलमध्ये इथे प्रत्येक चक्कीवर मिरची दळणं चालू असतं, नेमकी तेव्हाच मृगाची साल वाळून तयार होते. मिरचीवर दळलेली पूड चेहऱ्याला लागली तर काय होईल ते सांगायला नको. उलट रिठा-शिकेकाई दळलेल्या चक्कीत बेकरीची पूड टाकली तर बिस्किट कडू. जमलं तर गटाचा स्वतःचा छोटा पल्वरायझर (पूड करायचं यंत्र) घ्या, तोही एकाच कामाला ठेवा. भाड्याच्या चक्कीला माझा विरोध आहे, कोणी काहीही म्हणो.

उटण्यासाठी जुनी पूड देऊ नका. सालीच्या तेलात लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं, हवा लागून ते बदललं की काहींच्या त्वचेला ऍलर्जी होते. थोडी थोडी दळा, साल अख्खी ठेवा, जून लागण्याआधी आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यांत बांधा.

आणि लॅबला नुसतं "टेस्ट करा" म्हणू नका, ते वाटेल ते तपासून बिल लावतात. खाण्याच्या मालासाठी ओलावा, बुरशी-यीस्ट, कीटकनाशकांचे अंश. लावायच्या मालासाठी शिसं, आर्सेनिक आणि जंतू. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आहे का आणि नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे का, हे आधी विचारा. रिपोर्टवर तुमचा बॅच क्रमांक लिहून घ्या. तो नसेल तर पुढच्या तपासणीत रिपोर्ट याच मालाचा आहे हे दाखवता येत नाही.