वाचनालयाचा दुर्मिळ विभाग दुसऱ्या जागेत हलवताना आधी काय करावं?

तुमचं वाचनालय सांगलीत नदीकाठी आहे आणि पोथ्या, जुने ग्रंथ मिरजेकडे भाड्याच्या जागेत न्यायचे ठरलंय, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्याच एका ग्रंथालयात काम करते. टेम्पो ठरवण्याआधी यादी करा, एवढं माझं पहिलं सांगणं.

हलवायला हवंच, त्यात दुमत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये नव्या जागेत पाणी कुठवर आलं होतं, ते आसपासच्या दुकानदारांना विचारा. वरचा मजला घेणार असाल तर स्लॅबला पुस्तकांचं वजन पेलेल का, हे इंजिनिअरकडून बघून घ्या. डोक्यावर पाण्याची टाकी किंवा संडास-बाथरूम नको.

आता यादी. दाखल रजिस्टरमधला क्रमांक पुस्तक आपलं आहे एवढंच सांगतो, ते कुठे आहे ते सांगत नाही. प्रत्येक ग्रंथापुढे खोका, कपाट आणि खण लिहा. हार्वर्ड विद्यापीठाने १९८६ मध्ये शहराबाहेर ग्रंथकोठार उघडलं. तिथे पुस्तकं विषयवार नव्हे, आकारानुसार ठेवतात. बारकोड आणि जागेची नोंद यांवर सगळं चालतं. आपल्याला तेच एक्सेलमध्ये जमतं. जागेची नोंद नसेल तर पुरातून वाचलेलं पुस्तकही वाचकाच्या हाती लागत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पोथ्यांचं काम सावकाश करा. रुमाल, म्हणजे पोथी बांधलेलं कापड, उलगडून पानं मोजा, नसलेली पानं नोंदवा, रुमालावरची जुनी चिठ्ठी मात्र फेकू नका. कधीकधी पोथी कुणाच्या घरून आली ते त्या चिठ्ठीवरच असतं. रबरबँड, सेलोटेप नको. प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत, ओल आत कोंडते. कसर (कागद खाणारी कीड) लागलेले ग्रंथ वेगळे काढा, नाहीतर ती नव्या कपाटांत पोचेल. खोके लहान घ्या.

आणि कार्यकारिणीच्या बैठकीत एक मुद्दा आग्रहाने मांडा: मागणी आली की ग्रंथ आणून देणारा माणूस आणि गाडीभाडं, दोन्ही खर्च पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात धरा. ग्रंथ आणण्याचे आठवड्यातले दोन वार ठरवून देवघेवीच्या टेबलापाशी फलक लावा, म्हणजे जत-आटपाडीहून येणाऱ्या अभ्यासकाला आधी फोन करून येता येईल.