सावली जुळली, मग बाकीचे सिद्धांत बाद?

प्रश्न : कृष्णविवराच्या सावलीचं (चित्रात मध्ये दिसणाऱ्या काळ्या भागाचं) चित्र आइनस्टाइनच्या गणिताशी जुळलं, असं वाचलं. मग गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धांत आता निकालात निघाले का?

उत्तर : नाही. काहींची जागा आक्रसली, एवढंच.

सावलीचं गणित मी विद्यार्थ्यांकडून हाताने करून घेतो. न फिरणारं कृष्णविवर घ्यायचं, त्याच्या क्षितिजाची (जिथून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची) त्रिज्या २ मानायची आणि लांबून प्रकाशकिरण सोडायचा, नेम मात्र मध्याच्या थोडा बाजूला धरायचा. त्याच मापाने मध्यापासून ५.३ वर नेम धरला तर किरण २०० अंशांनी वळून जवळजवळ आल्या दिशेलाच परततो. ५.२ वर धरला तर अख्खी प्रदक्षिणा घालतो, वर आणखी तीसेक अंश वळतो आणि मग सुटतो. ५.१९ वर धरलेला परत येत नाही! मधली ५.१९६ ही सीमा म्हणजे सावलीची कड. वर्गात हा आकडा निघतो तेव्हा मला दर वेळी तितकाच आनंद होतो. सिद्धांत बदलला की तो सरकू शकतो, म्हणून ही कसोटी.

गोम अशी, की दुर्बिणीला दिसतो फक्त कोन. त्यावरून ५.१९६ पडताळायचा तर वस्तुमान आणि अंतर दुसऱ्या वाटेने कळायला हवं. एम८७ या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराच्या २०१९ मधल्या चित्राचं घोडं इथेच अडतं. ताऱ्यांच्या गतीवरून तिथलं वस्तुमान सूर्याच्या सहा अब्ज पटींहून जास्त येत होतं, वायूच्या गतीवरून साडेतीन अब्ज पट. म्हणून मला २०२२ चं, आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या सॅजिटेरियस ए-स्टार या कृष्णविवराचं चित्र जास्त मोलाचं वाटतं. तिथे एस२ हा तारा १६ वर्षांत एक फेरी घालतो आणि त्याच्या कक्षेने वस्तुमान आधीच सांगून ठेवलंय : सूर्याच्या सुमारे ४० लाख पट. त्यावरून सावलीच्या व्यासाचं भाकीत निघालं पन्नासेक मायक्रो-आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, मायक्रो म्हणजे त्याचा दशलक्षांश). मोजमाप आलं ४८.७, अधिक-उणे ७.

हे ‘अधिक-उणे ७’ नजरेआड करू नका. सूर्याजवळची कसोटी शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ लहरींनी लाखात दोन-तीन भागांच्या अचूकतेपर्यंत नेली आहे. पण सूर्य प्रकाशाला वळवतो जेमतेम १.७५ आर्कसेकंद, अख्खी प्रदक्षिणा घालायला लावणारं गुरुत्वाकर्षण तिथे कुठलं?

शिवाय काही पर्यायी सिद्धांतांतलं कृष्णविवर हुबेहूब आइनस्टाइनच्याच साच्याचं निघतं. त्याची सावली कितीही बारकाईने मोजली तरी फरक सापडणार नाही. त्यांना गाठायला गुरुत्वीय लहरी किंवा दीर्घिकांचे समूह धुंडाळावे लागतात.