चाकांवरून बर्फावर

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा आहे, इनलाइन स्केटिंग (एका ओळीतल्या चाकांचं) उत्तम करतो. आइस हॉकीत व्यावसायिक खेळाडू होईल का? – एक पालक, परभणी

उत्तर : केवळ या खेळावर घर चालेल अशी लीग भारतात नाही, हे आधी स्वीकारा. राष्ट्रीय संघात लडाखचे खेळाडू अधिक. अनेकजण लष्कर किंवा आयटीबीपीत (भारत-तिबेट सीमा पोलीस) नोकरी करत खेळतात. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि १८व्या वर्षीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, निवड सुरू होते.

तरीही चाकांवरची मेहनत वाया जात नाही. तोल, क्रॉसओव्हर (वळताना पायावरून पाय टाकणं), उलटं सरकणं बर्फावरही कामी येतं. घोडं अडतं ते थांबताना. गुडघे वाकवून बुटांखालची दोन्ही पाती झटक्यात आडवी करावी लागतात. वजन टाचेवर गेलं की पोरगं पाठीवर आदळतं. स्केटचे बूट रोजच्यापेक्षा एक-दीड नंबर लहान घ्या. सैल बुटात घोटा लटपटतो, आणि ‘वाढत्या पायाला मोठा बूट’ ही आपली सवय इथे नडते. स्टिक अनवाणी उभं राहून नाकापर्यंत यावी. लडाखमध्ये बर्फ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, देहरादूनला बंदिस्त रिंक आहे. बर्फावर जायला मिळेतोवर घरी गुळगुळीत फरशीवर स्टिकने पक (या खेळातली चपटी रबरी चकती) हाताळू द्या.