पोलंडला जाऊन आली, पण रडली नाही

"बाई, पोरगी पोलंडहून आल्यापासून गप्प आहे. वर्गातल्या मुली तिथे ढसाढसा रडल्या म्हणे, हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हिला काही वाटतच नाही का हो?"

इस्रायलमधल्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी जिथे लाखो यहुदी मारले, त्या जागा पाहायला इथली अकरावी-बारावीची मुलं शाळेतर्फे पोलंडला जातात. १९८८ पासून शिक्षण मंत्रालयाच्या देखरेखीखाली हे दौरे होत आले आहेत. आठवडाभरात वॉर्सा, मग त्रेब्लिन्का, मायदानेक, आउशवित्झ-बिर्केनाउ या नाझी छावण्या. मुलं परतली की हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी पालक माझ्याकडे येतात. ही आई आमच्यातली, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी, घराणं मूळ अलिबागकडचं, म्हणून मराठीत बोलली. (मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी आली ती हाताची घडी घालूनच. 'तुला काय वाटलं?' हा प्रश्न मी अशा मुलांना विचारत नाही. तो त्यांना आधीच पन्नास जणांनी विचारलेला असतो. खोलीत कोण होतं, बसमध्ये कुठे बसलीस, जेवायला काय मिळालं, इथून सुरुवात केली. मायदानेकला चिखलात बूट भिजले आणि दिवसभर पाय गारठले, हे तिनं बराच वेळ सांगितलं. मग म्हणाली, परतताना बसमध्ये आम्ही काही तरी फालतू बोलून खूप हसलो, सर रागावले. त्या हसण्याची तिला फार लाज वाटत होती. मी तिला सांगितलं की दिवसभर एवढं भयंकर पाहिल्यावर शरीर ताण कुठून तरी सोडतंच. कुणी रडतं, कुणी हसतं, कुणाला नुसती झोप येते. समोर रडणाऱ्यांची रांग असली की न रडणाऱ्याला आपणच दगड वाटायला लागतो.

खरी गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. बिर्केनाउला, स्फोटानं उडवलेल्या गॅस चेंबरच्या अवशेषांपाशी, मुलांनी आपापल्या घरातल्या मारल्या गेलेल्या माणसांची नावं वाचली. कुणाकडे पणजीचं नाव, कुणाकडे अख्ख्या कुटुंबाची यादी. हिच्या हातात कागदच नव्हता. हिचे पणजोबा तेव्हा कोकणात तेलाचा घाणा चालवत होते. मागून एक मैत्रीण सहज बोलून गेली, "तुमचं कुणी नव्हतंच ना इकडे." त्यानंतर तिला रडता येईना. ती म्हणाली, "रडले असते तर नाटक वाटलं असतं."

हे ऐकल्यावर मला आईची काळजीही कळली. या घरातली आजी साठच्या दशकात मुंबईहून आली. त्याच सुमारास इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, कार्यालयानं आदेश काढला होता की बेने इस्राएलांचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ साली क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी आहेत असं म्हटलं, तेव्हा कुठे ते निवळलं. ज्या घरानं हे सोसलं, तिथे लेकीचं न रडणं आईच्या जिवाला लागणारच. आपण यात पुरेसे बसतो ना, ही धास्ती तीन पिढ्या घरात आहे. मी आईला हे स्पष्ट बोलून दाखवलं. ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "माझ्या आईला हे सांगा हो कुणीतरी."

मुलीला मी काही समजावलं नाही. फक्त विचारलं, तिथलं काय अजून डोळ्यांसमोर येतं? ती लगेच म्हणाली, सुटकेसा. आउशवित्झच्या संग्रहालयात काचेमागे ढीग आहे, प्रत्येकीवर मालकानं मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव लिहिलेलं, परत मिळेल म्हणून. तिनं एकेक नाव मनात वाचत नेलं होतं, गट पुढे निघून गेला तरी. "यांची नावं वाचायला त्यांच्या घरातलं कुणी उरलं असेल का?" असं तिनं मला विचारलं, आणि तेव्हा ती रडली. मी तिला जेरुसलेममधल्या याद वाशेम या संहाराच्या स्मारकाबद्दल सांगितलं. मारल्या गेलेल्या साठ लाख यहुद्यांपैकी सुमारे दहा लाख माणसांची नावं अजून तिथे नोंदवता आलेली नाहीत. एप्रिल-मेमध्ये योम हाशोआच्या, म्हणजे त्या संहाराच्या स्मृतिदिनाच्या, दिवशी शाळेत नावं वाचतात, त्यात तिनं आपणहून भाग घेतला.

पालकांना माझं सांगणं असं. पोर गप्प आहे म्हणून उलटतपासणी घेऊ नका. महिना-दीड महिना उलटूनही झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, तीच दृश्यं दिवसाउजेडी समोर येत असतील किंवा मित्रमैत्रिणी नकोसे झाले असतील, तर मात्र थांबू नका, घेऊन या.

निघताना आईनं विचारलं, धाकट्याला पुढल्या वर्षी पाठवू का? मी म्हटलं, आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर जबरदस्ती नको, तो बेपर्वा आहे असंही समजू नका. जाणार असला तर नावांच्या कार्यक्रमाबद्दल आधीच घरी बोला, आजीला बसवून बोला. जाडे मोजे दोन जोड जास्त द्या. आणि आल्यावर पहिले दोन दिवस पोटभर झोपू द्या.