पुन्हा कारवानच पाळावा का?

प्रश्न : स. न. वि. वि. मी बार्शी तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून माझे वय 66 आहे. आजोबांच्या काळापासून आमच्या वस्तीवर कारवान या शिकारी जातीची कुत्रीच आहेत. दुसऱ्या जातीचे कुत्रे आमच्या दारात कधी बांधले गेले नाही. गेल्या आषाढात आमची शेवटची मादी म्हातारपणाने गेली. तिच्यामागे मला अजून जेवण गोड लागत नाही, हे चारचौघांत सांगायलाही संकोच वाटतो. आता मी पुण्यात मुलाकडे राहतो. बंगल्याभोवती थोडी मोकळी जागा आहे. मुलगा म्हणतो की कुत्रे आणायचेच तर लॅब्रॅडॉर आणू. शिकारच बंद झाल्यावर कारवानाला काम काय उरले? मला मात्र दुसऱ्या कुत्र्यात जीव रमेल असे वाटत नाही. हा माझा हट्टच म्हणायचा का?

उत्तर : हट्ट आहे खरा, पण अशा हट्टी घरांमुळेच ही जात आजपर्यंत टिकली आहे. आता कर्नाटकात असलेल्या मुधोळ संस्थानाचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला आणि त्यांची जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिली, ही हकिकत वारंवार सांगितली जाते. तो आश्रय मोलाचा होताच. परंतु संस्थाने विलीन झाल्यावरही विजापूर-बागलकोटपासून सोलापूर, लातूर, धाराशिव आणि सांगलीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर जी वेते निघत राहिली, ती वंशावळीचा कागद कधी न पाहिलेल्या आणि कोणाची मादी सशामागे कशी पळते एवढ्यावर जोडी ठरवणाऱ्या माणसांनी काढलेली होती. सरकारी दखल बरीच उशिरा घेतली गेली. 2005 मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवरील तिकिटांत याच कुत्र्याला मुधोळ या नावाने स्थान दिले, पुढे मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले आणि 2016 मध्ये तेथील पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो, तर दुसरी एक संस्था मुधोळ हाउंड म्हणून करते. या नावांवरून प्रदर्शनांत जे वाद रंगतात त्यांत आपण पडू नये, हे बरे.

संकोचाविषयी एवढेच सांगतो की, साताऱ्याजवळ संगम माहुली येथे कृष्णाकाठी छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचे स्मारक आहे. ज्या मुलखात राजाने आपल्या कुत्र्याची आठवण दगडात कोरून ठेवली, तेथे शिक्षकाने चार महिने उदास राहिले तर लाजण्यासारखे काही नाही.

आता चिरंजीवांचा आक्षेप, कारण तो मला गंभीर वाटतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्यानुसार सशाची शिकार हा गुन्हा ठरतो. तेव्हा जुन्या दिवसांची हौस भागवण्यासाठी शेतावर कुत्रे सोडण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. पण शिकार थांबली तरी तिच्यासाठी घडलेले शरीर तसेच राहते. हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर चालते. भरधाव धावताना त्याच्या एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटलेले असतात, आणि हलणारी वस्तू दिसली की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. पुण्याच्या रस्त्यावर त्याला पट्ट्याविना सोडणे म्हणजे मोटारीखाली लोटणे होय. म्हणूनच चिरंजीवांना मी असे विचारीन की, रोज पहाटे कुंपण असलेल्या मोकळ्या मैदानात याला दहा-पंधरा मिनिटे मनसोक्त पळू देण्याची सोय होईल काय? होत असेल, तर उरलेला दिवस हे कुत्रे सतरंजीवर पाय ताणून झोपून काढते आणि घरात लॅब्रॅडॉरपेक्षा कमी पसारा करते. सोय होत नसेल, तर आपले प्रेम कितीही जुने असले तरी कारवान आणू नये, असेच माझे मत आहे. धावू न दिलेला कारवान काही महिन्यांतच चिडका तरी होतो किंवा सुस्त तरी, आणि त्याचा दोष मग लोक जातीवर टाकतात.

आपल्या वयाबद्दल आपण काही विचारलेले नाही, तरीही बोलणे भाग आहे. हे कुत्रे साधारण बारा वर्षे आणि कधीकधी त्याहून अधिक जगते. आज पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा आपण अठ्ठ्याहत्तरीचे असाल, आणि ऐन तारुण्यातला कारवान दोरीला हिसका देतो तेव्हा धडधाकट माणसाचाही तोल जातो. आपल्या माहितीच्या वस्त्यांवर चौकशी करून तीन-चार वर्षांची शांत मादी मिळवावी, असे मी सुचवीन. मोठे कुत्रे लळा लावत नाही हा समज या जातीपुरता अर्धाच खरा आहे. परक्याने अंगाला हात लावलेला कारवानाला खपत नाही आणि नव्या घरात तो बरेच दिवस कोपरा धरून बसतो. मात्र आपण त्याला न छेडता वेळच्या वेळी खाऊ घालत राहिलात, तर एके दिवशी तो आपणहून पायाशी येऊन बसेल. नातवंडांना तोवर आवर घालावा लागेल. शेजारी मांजर असेल, तर तिच्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागेल, कारण त्या बाबतीत मोठ्या कुत्र्याची सवय मोडण्याची हमी कोणी देऊ नये. आपल्यामागे त्याची जबाबदारी कोणाची, हेही चिरंजीवांशी आजच स्पष्ट बोलून ठेवावे.

बाकी आपल्याला अनुभव आहे, पण शहरातील दोन गोष्टी नव्या वाटतील. सोसायटीतील लोक फासळ्या पाहून कुत्रे उपाशी ठेवले आहे म्हणतील; त्यांच्या बोलण्यावरून त्याला लठ्ठ करू नये, कारण मागच्या दोन-तीन फासळ्या दिसणे हे या कुत्र्याचे निरोगी रूप आहे. वस्तीवर चालणाऱ्या दूध-भाकरीला मात्र अंडी किंवा शिजवलेल्या मांसाची जोड हवी. दुसरी गोष्ट भुलीची आहे. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते आणि थायोपेंटोनसारख्या औषधाचा अंमल त्यांच्यावर बराच वेळ राहतो. म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी हा कारवान आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, मग ते कितीही नामांकित असोत.

प्रश्न : माझे वडील कारवानांचे वेडे आहेत. त्यांच्या साठीला मी एक पिल्लू भेट देणार आहे. एका विक्रेत्याने पस्तीस दिवसांचे पिल्लू दाखवले असून लवकर नेले तर लळा लवकर लागतो, असे तो म्हणतो. कागद नंतर देईन, असेही त्याचे म्हणणे आहे. घ्यावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घेऊ नये. श्वानपैदास आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवडे पूर्ण न झालेले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. आईजवळ आणि भावंडांत काढलेल्या त्या शेवटच्या आठवड्यांत पिल्लू चावा किती जोरात घ्यावा हे शिकते, आणि मुळातच बुजऱ्या असलेल्या या जातीला त्या शिकवणीची गरज अधिक आहे. विक्रेत्याकडे नोंदणीपत्र आणि पिल्लाची आई समोर पाहण्याची परवानगी मागा. टाळाटाळ झाली, तर दुसरीकडे जा. शिवाय वडिलांना आधी विचारा. आयुष्यभर कारवान पाळलेल्या माणसाला मादी कोणती, वेत कोणते हे स्वतः पारखून निवडायचे असते, आणि साठीच्या दिवशी पिल्लाऐवजी त्यांना सोबत घेऊन जाण्याचे वचन दिलेत तरी ते नाराज होणार नाहीत.