वासराच्या नाकातून दूध येतंय, टाळूला चीर दिसते. वासरू जगेल का?

काल जन्मलेली कालवड कासेला लावली की दूध नाकपुड्यांतून बाहेर येतं, ठसका लागतो, असं तुम्ही लिहिलंय. ती जगेल का आणि ग्रहणात गाय गाभण होती म्हणून असं झालं का, असं विचारलंय. मी गुरांचा डॉक्टर आहे, म्हणून आधी आज काय करायचं ते सांगतो.

तिला कासेला लावणं लगेच थांबवा, बाटलीही नको. फाटलेल्या टाळूतून दूध नाकात चढतं आणि तिथून श्वासनलिकेत उतरतं. भुकेपेक्षा त्या न्यूमोनियाची भीती मोठी. पण चीक मात्र पोटात गेलाच पाहिजे. चिकातली प्रतिद्रव्यं आतड्यातून रक्तात जायची वाट साधारण 24 तासांत बंद होते, आणि तुमचे बरेच तास गेलेत. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटरच्या आसपास चीक लागतो. तो थोडा थोडा करून पोटात घातलेल्या नळीने द्यायचा. नळी पहिल्यांदा डॉक्टरकडूनच घालून घ्या, कारण ती श्वासनलिकेत गेली तर वासरू हातचं जातं. तोवर गाय पिळून चीक थंड जागी ठेवा, देताना अंगाइतका कोमट करा.

चीर किती आहे ते नीट बघायला हवं. नख कापलेलं स्वच्छ बोट टाळूवरून पुढून मागे फिरवा, बॅटरी लावून बघा. अगदी मागच्या मऊ टाळूची चीर वरवर बघून दिसत नाही. पायही तपासा. सांधे आखडलेले, पाय वाकडे असतील तर व्यंग फक्त तोंडापुरतं नाही. तसं असेल तर मी ऑपरेशनचा आग्रह धरणार नाही, तिचे हाल लांबवू नयेत असं मला मनापासून वाटतं. चीर लहान असेल आणि बाकी अंग धड असेल तर शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. रुंद चिरेचे टाके बरेचदा सुटतात, म्हणून आधीच जास्त आशा लावून घेऊ नका. ताप 103 च्या वर गेला किंवा श्वास धापेवर आला तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.

ग्रहणाचा काही संबंध नाही, गाईला किंवा घरातल्या कुणाला दोष देऊ नका. गर्भाची टाळू साधारण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी जुळते, त्या दिवसांत काही बिघडलं की चीर राहते. कधी ते रक्तातूनच येतं, विशेषतः एकाच वळूचं रेतन त्याच्याच लेकीला झालं तर. कधी खाण्यातून येतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात ल्युपिन नावाची रानवनस्पती त्या दिवसांत खाल्लेल्या गाईंना फाटक्या टाळूची, वाकड्या पायांची वासरं होतात. आपल्याकडे मी जंताच्या औषधाबद्दल आवर्जून विचारतो. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या 45 दिवसांत देऊ नये.

रेतनाच्या नोंदीतून वळूचा नंबर शोधा आणि रेतन करणाऱ्याला ही गोष्ट सांगा. पुढच्या माजाला या गाईला दुसऱ्या, नात्यात नसलेल्या वळूच्या वीर्याची कांडी भरा. ही कालवड वाचली तरी तिला कधी गाभण करू नका.